जुन्या रॉक-ध्वनिमुद्रिकांचे नवे अवतार

इंग्लंड-अमेरिकेंतील रॉक-संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर नवे संस्कार करून त्या पुनःपुन्हां बाजारांत आणण्याचा प्रघात गेलीं तीस-पस्तीस वर्षें अव्याहत चालू आहे. या संस्कारास 'रीमास्टर' असें म्हणतात. आणि हा शब्द आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि आतां इतका रुळला आहे कीं, त्याचें भाषांतर करण्याचा अट्टाहास आम्ही धरीत नाहीं. ज्या पिढीनें बीटल्स, लेड झेपेलिन किंवा क्वीन यांचीं गीतें कॅसेटवर ऐकिलीं, तिचीं मुलें तींच गीतें आज मोबाइलवर ऐकतात. बापाच्या व मुलाच्या कानांवर पडणारें गीत एकच असलें, तरी ध्वनि एकच असतो असें मात्र नाहीं. मधल्या काळांत कोणी तरी त्या गीताला हात लावलेला असतो. तो हात शहाण्याचा होता कीं उतावळ्याचा, हें ओळखावें कसें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या बाबतींत आजवर जें लिहिलें जातें तें बहुधा दोन टोकांचें असतें. विक्रेत्यांची जाहिरात सांगते कीं, असें तुम्हीं पूर्वीं कधींच ऐकिलें नसेल. जुन्याचे अभिमानी सांगतात कीं, पहिली तबकडी तेवढी खरी, पुढचें सगळें भ्रष्ट. हीं दोन्ही मतें ऐकण्याचे श्रम वांचविणारीं आहेत, आणि म्हणूनच तीं लोकप्रिय असावींत.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. स्टुडिओंत गीत मुद्रित होतें तेव्हां गळा, गिटार, ड्रम हे निरनिराळ्या ट्रॅकवर उतरतात. त्यांचें परस्परांशीं प्रमाण ठरवून त्या सर्वांची मिळून एक फीत तयार करणें हें मिश्रण. मग ज्या वस्तूंतून तें गीत घरोघर जावयाचें—तबकडी असो, कॅसेट असो, सीडी असो—त्या वस्तूच्या गुणावगुणांकडे पाहून या फितीवर जो शेवटचा हात फिरवितात त्याला मास्टरिंग म्हणतात. रीमास्टर म्हणजे तीच मिश्रित फीत घेऊन हा शेवटचा हात नव्यानें फिरविणें; आणि रीमिक्स म्हणजे त्याच्याहि मागें जाऊन मिश्रणच नव्यानें करणें. पहिल्यांत जुन्या तसबिरीची कांच पुसून चौकट बदलावयाची असते. दुसऱ्यांत तसबिरींतील माणसांच्या जागाच बदलतात. कित्येक परीक्षक या दोहोंना एकाच मापानें मोजतात, आणि मग त्यांच्या स्तुतीला काय अन् निंदेला काय, कांहींच अर्थ उरत नाहीं.

या नव्या संस्कारांची मुळांत गरज होती, हें आम्हांस मान्य आहे. सन १९८२ मध्यें सीडी बाजारांत आली, तेव्हां प्रकाशकांना आपलें सारें जुनें भांडार तिच्यावर चढविण्याची घाई झाली. खऱ्या मूळ फिती शोधून काढण्याइतका धीर थोड्यांनाच होता. जी फीत हातीं लागली ती घेतली. आणि ती पुष्कळदां तबकडी कापण्यासाठीं केलेली नक्कल असे. तबकडीच्या चरांत खर्ज फार झाला तर सुई उडते, म्हणून त्या नकलेंत खर्ज आधींच आंवरलेला असे. ज्या सीडीला सुई नाहीं तिलाहि सुईची भीति चिकटली! अशा प्रती कोरड्या व पातळ लागल्या तर नवल नव्हे. आणि त्या सुधारून मूळ फितीपर्यंत जाणें हें काम सर्वथैव स्तुत्य होतें.

परंतु परीक्षणाची खरी अडचण फितींत नसून कानांत आहे. सन १९३३ मध्यें अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मन्सन या दोघां संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, माणसाचा कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाहीं. आवाज लहान असतां त्याला खर्जाचे स्वर कमी ऐकूं येतात, अति तार स्वरांचीहि तीच गत होते; आणि आवाज जसजसा वाढवावा तसतसे ते भरून येतात. याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, एकच ध्वनिमुद्रण किंचित् मोठ्यानें वाजविलें तर तें अधिक भरदार आणि अधिक उजळ भासतें. फरक एखाद-दुसऱ्या डेसिबेलचा असला तर 'हें मोठें आहे' असें मनांत येतच नाहीं. 'हें चांगलें आहे' असेंच येतें. नव्या प्रतींतील ज्या 'जिवंतपणा'ची परीक्षक तोंड भरून वाखाणणी करितात, त्यांतील बराच मोठा वांटा या एका भ्रमाचा असतो. म्हणून आमचा पहिला आग्रह असा कीं, दोन प्रती ताडून पाहावयाच्या तर त्यांचा आवाज आधीं सारखा करावा, आणि तोहि अंदाजानें नव्हे तर मोजून. आम्हीं स्वतः हा परिपाठ ठेविला आहे, व त्याचा अनुभव मोठा बोधप्रद आहे. सारखेपणा आणतांच दहांपैकीं सहा-सात नव्या प्रतींचें तेज ओसरतें. ज्यांचें ओसरत नाहीं त्या खरोखरच चांगल्या.

हा भ्रम प्रकाशकांना आमच्या आधीं कळलेला होता. डिजिटल ध्वनीला एक छत असतें. त्याच्यावर एक तसूहि जातां येत नाहीं. सीडीमध्यें सर्वांत हळू व सर्वांत मोठा यांच्यामध्यें सुमारें ९६ डेसिबेलचें अंतर ठेवण्याची सोय आहे, म्हणजे तबकडीपेक्षां कितीतरी अधिक. एवढें उंच घर मिळाल्यावर रहिवाशांनीं मोकळेपणानें वावरावें कीं नाहीं? पण सन १९९० नंतर झालें तें उलट. लिमिटर नांवाच्या युक्तीनें ध्वनीचीं शिखरें छाटावयाचीं, आणि उरलेला सगळा ऐवज छताला भिडेपर्यंत वर उचलावयाचा, अशी चाल पडली. शेजारच्या तबकडीपेक्षां आपली तबकडी मोठी वाजावी, एवढाच तिचा हेतु. शेजाऱ्यानेंहि तेंच केलें, आणि दरवर्षीं छत तेंच राहून गर्दी मात्र वाढत गेली. हा रोग नव्या गीतांपुरता राहिला असता तर एक वेळ चाललें असतें. तो जुन्या गीतांच्या नव्या प्रतींतहि शिरला, ही खरी दुःखाची गोष्ट. देवाच्या मूर्तीला भक्तिभावानें शेंदूर लावावा, त्याच्यावर आणखी लावावा, आणि अखेर नाक-डोळे बुजून नुसता तांबडा गोळा उरावा, तशांतला हा प्रकार. गोळा दुरून लवकर दिसतो, यांत शंका नाहीं.

याचें टोंकाचें उदाहरण स्टूजेस या वाद्यवृंदाच्या 'रॉ पॉवर' या ध्वनिमुद्रिकेचें. ती सन १९७३ ची. तिच्यांतील बहुतेक गीतांचें मिश्रण डेव्हिड बोवी यानें केलें होतें, आणि तें पातळ झालें अशी ओरड पुढें कित्येक वर्षें चालू होती. सन १९९७ मध्यें त्या वृंदाचा गायक इगी पॉप यानें स्वतःच तिचें पुनर्मिश्रण केलें, आणि आवाज इतका चढविला कीं, सारा ध्वनि फाटूं लागला. हें त्यानें अजाणतां केलें नाहीं. त्याला तसेंच हवें होतें. कर्त्यानें स्वतः मागितलेला उग्रपणा म्हणून आम्ही त्याला एक वेळ क्षमा करूं; पण गंमत अशी कीं, पुढें २०१० सालीं बोवीचें तें 'पातळ' मिश्रण पुनः प्रसिद्ध झालें, तेव्हां रसिकांनीं त्याचें आनंदानें स्वागत केलें. उग्रपणाचा कंटाळा उग्रतेच्या भोक्त्यांनाहि येतो.

येथें आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत एक शंका येईल, आणि ती आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. रॉक-संगीत हें मुळांतच दणदणाटाचें संगीत. त्यांत हळू-मोठ्याची नाजूक तोलाई कसली करावयाची? ज्या कानाला घराण्याच्या गवयाची सावकाश उलगडत जाणारी आलापी रुचते, त्याला ही शंका येणें स्वाभाविक आहे. पण दणका हा कधींच एकटा नसतो; त्याच्या आधींच्या शांततेवर तो उभा असतो. क्वीन या वृंदाचें सन १९७५ चें 'बोहीमियन रॅप्सडी' हें गीत घ्या. (त्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी हा पारशी कुटुंबांतला, आणि त्याचें शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस झालेलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल.) वाद्यांच्या साथीशिवाय आरंभ, मग एकटा पियानो व गळा, मग एकावर एक चढविलेल्या गळ्यांचा ऑपेराचा डाव, त्यानंतर गिटारची मुसंडी, आणि अखेर सर्व विझून झांजेसारखा एक धातूचा नाद—सहा मिनिटांच्या आंतल्या या गीताचा सगळा प्राण या चढउतारांत आहे. गळ्यांवर गळे चढवितां चढवितां मूळ फितीवरचा लेप इतका झिजला कीं ती पारदर्शक दिसूं लागली, असें तें करणारे सांगत असत. आतां एखाद्यानें आरंभीचें एकाकी गाणें उचलून पुढच्या मुसंडीच्या पातळीला नेऊन ठेविलें, तर मुसंडीला मुसंडी कोण म्हणेल? दोन प्रती ताडतांना आम्ही याच सांध्याकडे कान देतों: ऑपेरा संपून गिटार ज्या क्षणीं तुटून पडते, त्या क्षणीं छातींत कांहीं हलतें कीं नाहीं. ज्या प्रतींत हलत नाहीं, तिचा खर्ज कितीहि भरदार असो, ती आम्हांस नको.

याच शंकेचें दुसरें रूप अधिक बिकट आहे. ज्याला आम्ही दाबणें म्हणून नांवें ठेवितों, तें जुन्या मंडळींनींहि केलेंच आहे कीं! लेड झेपेलिनच्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेंतील (सन १९७१) 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गीताचे ड्रम जगप्रसिद्ध आहेत. हँपशरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वाड्याच्या जिन्याखालच्या दिवाणखान्यांत जॉन बोनम याला ड्रम मांडून बसविलें, वरून मायक्रोफोन सोडले, आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकानें तो ध्वनि यंत्रांतून चांगला आवळून घेतला. तो आवळला नसता तर जिन्यांतली ती घनघोर आंस वर आलीच नसती. मग नव्या प्रतीच्या कर्त्यानें थोडें आणखी आवळलें तर बिघडलें कोठें? आमचें उत्तर असें कीं, जॉन्सनें एका वाद्याला आवळलें तें इतरांच्या तुलनेनें तें उठून दिसावें म्हणून. तो रचनेचाच एक भाग होता. पुढचा माणूस सगळ्या तयार चित्रालाच आवळतो, आणि त्यांत जॉन्सनें साधलेलें अंतरच नाहींसें होतें. शिजवतांना घातलेलें तिखट आणि पानांत वाढल्यावर सगळ्या पदार्थांवर सारखें भुरभुरलेलें तिखट यांत जो फरक आहे, तोच येथें आहे. ज्याला ओळखीची खूण हवी असेल त्यानें ड्रमच्या प्रत्येक ठोक्याचे दोन भाग ऐकावे, आघात व आंस. आघात पुढें व आंस त्याच्या मागें, असा क्रम असेल तर प्रत चांगली. दोन्ही एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखीं वाटलीं तर तिला हात फार लागला असें समजावें.

झेपेलिनच्याच बाबतींत एक मनोरंजक पुरावा आहे. सन २००७ मध्यें 'मदरशिप' या नांवानें त्यांच्या निवडक गीतांचा संग्रह निघाला. पुढें २०१४-१५ मध्यें जिमी पेज याच्या देखरेखीखालीं सर्वच ध्वनिमुद्रिका नव्यानें निघाल्या. दोन्ही कामांत ध्वनितज्ज्ञ एकच, जॉन डेव्हिस. पण पहिल्या संग्रहांत सारें कसें छताला टेकलेलें आहे, आणि दुसऱ्या मालिकेंत श्वास घ्यायला जागा आहे, असें आमच्या कानाला स्पष्ट जाणवतें. माणूस तोच, फिती त्याच. बदलला तो काळाचा आग्रह. यावरून एक गोष्ट उघड होते कीं, असल्या प्रतींचें पाप सर्वस्वीं ध्वनितज्ज्ञाच्या माथीं मारणें हा अन्याय आहे. काम सांगणारा जें मागतो तें त्याला द्यावें लागतें.

आतां चांगल्या कामाकडे वळूं. बीटल्स या वृंदाच्या ध्वनिमुद्रिका सीडीवर प्रथम आल्या त्या सन १९८७ मध्यें. त्यांत पहिल्या चार केवळ मोनो होत्या. त्यानंतर बावीस वर्षें जगानें त्याच प्रती ऐकिल्या. पुढें लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओंतील मंडळींनीं चार वर्षें खपून सगळें काम नव्यानें केलें, आणि तें ९ सप्टेंबर २००९ या दिवशीं प्रसिद्ध झालें. त्यांची कामाची रीत सांगण्यासारखी आहे. एकेक गीत स्वतंत्रपणें फितीवरून उतरवून घ्यावयाचें, आणि प्रत्येक गीतानंतर यंत्राचें डोकें साफ करावयाचें. खरखर काढण्याचें साधन हाताशीं असूनहि सुमारें ५२५ मिनिटांच्या या संगीतांत तें पांच मिनिटांपेक्षां कमी भागावर वापरलें. स्टीरिओ प्रतींना बाजाराच्या मानानें आवाज थोडा चढविला, पण मर्यादेनें. मोनो प्रतींना लिमिटर मुळींच लाविला नाहीं. हा संयम ऐकूं येतो. पॉल मॅकार्टनीची बास गिटार १९८७ च्या प्रतींत नुसती घुमत असे. येथें तिचा प्रत्येक स्वर बोटानें दाखवितां येतो. आवाज सारखा करून ताडलें तरी हा लाभ टिकतो. शेंदराचें कवच निघून खालची मूर्ति दिसावी, तसें हें काम झालें आहे, आणि रीमास्टर या शब्दाची अब्रू राखणारें उदाहरण म्हणून आम्ही त्याचाच निर्देश करूं.

तरीहि येथें एक प्रश्न उरतोच: मूळ म्हणजे कोणतें? सन १९६७ ची 'सार्जंट पेपर' ही ध्वनिमुद्रिका मिश्रित होत होती तेव्हां त्या चौघांनीं जें लक्ष घातलें तें मोनो मिश्रणांत; स्टीरिओचें मिश्रण मागाहून, त्यांच्या गैरहजेरींत, झटपट उरकलें गेलें. दोहोंत फरक इतका कीं, 'शीज लीव्हिंग होम' हें गीत मोनोमध्यें अधिक जलद आणि जवळजवळ अर्धा स्वर वर आहे. आज बहुतेकांच्या कानीं स्टीरिओच पडतें, आणि त्यालाच ते मूळ मानतात. लेड झेपेलिनच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची (सन १९६९) कथा तर याहून मौजेची. रॉबर्ट लडविग या तरुण तंत्रज्ञानें तिची अमेरिकेंतील पहिली तबकडी अशी कांहीं जोरकस कापली कीं, ध्वनिमुद्रण-कंपनीच्या एका मालकाच्या मुलीच्या स्वस्त यंत्रावर सुई उडाली, आणि कंपनीनें घाबरून मिळमिळीत प्रत कापून घेतली, असें लडविग स्वतः सांगत असे. आज तीच पहिली तबकडी संग्राहक भारी किंमत देऊन घेतात. म्हणजे ज्या 'मूळ' प्रतीच्या नांवानें अभिमानी लोक शपथ घेतात, ती त्या काळीं बहुसंख्य घरांत पोंचलीच नव्हती. सबब, 'मुळाप्रमाणें आहे काय' असा सरसकट प्रश्न न विचारतां, 'कोणत्या मुळाप्रमाणें' असें विचारणें भाग आहे.

खरखर काढण्याविषयीं दोन शब्द. द हू या वृंदाची 'लाइव्ह ॲट लीड्स' ही सन १९७० ची जलशाची ध्वनिमुद्रिका. तिच्या फितींत कांहीं ठिकाणीं तडतड उतरली होती. तेव्हां तबकडीच्या मधल्या चकतीवरच सूचना छापिली कीं, तडतड आहे ती तशीच असूं द्यावी, दुरुस्त करूं नये. पंचवीस वर्षांनीं, सन १९९५ मध्यें, वाढीव गीतांसह तिची नवी प्रत निघाली. तींत तडतड काढून टाकली, आणि चकतीवर छापिलें कीं, तडतड दुरुस्त केली आहे! विनोद म्हणून हें झकास आहे. आणि या ठिकाणीं नुकसानहि झालें नाहीं, कारण तो दोष विजेच्या तारांचा होता, वादकांचा नव्हता. पण फितीची स्वाभाविक सळसळ ही वेगळी वस्तु. ती घालविण्याच्या नादांत तिच्या खालीं दडलेला खोलीचा अवकाश, झांजेची विरत जाणारी शेवटची लहर, गायकानें शब्दाआधीं घेतलेला श्वास हींहि घासून जातात. अति स्वच्छ प्रतींत गायक काचेच्या पेटींत उभा राहून गातो असें वाटतें. आम्हांस थोडी सळसळ पत्करेल.

रीमिक्सचा न्याय निराळा. जेथ्रो टल या वृंदाची 'ॲक्वालंग' (सन १९७१) ही ध्वनिमुद्रिका ध्वनीच्या दृष्टीनें जन्मतःच दुबळी होती. सन २०११ मध्यें स्टीव्हन विल्सन यानें तिचें मिश्रण नव्यानें केलें, आणि दाट धुकें ओसरावें तशी ती मोकळी झाली. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'ची (सन १९६६) वाद्यें चार ट्रॅकवर एकमेकांत गुंतून बसलेलीं. सन २०२२ मध्यें गणकयंत्राला वाद्यांची ओळख शिकवून तीं सुटीं केलीं, व जाइल्स मार्टिन यानें नवें मिश्रण रचलें. कारागिरी विस्मयकारक आहे, हें कोण नाकारील? पण ती मूळ कृतीची प्रत नव्हे; ती मूळ कृतीवरील टीका आहे, आणि टीकेच्या मापानेंच ती मोजावी. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अनेक प्रती ताडून. आणि शुद्ध करून झाल्यावर तींत आपली ओंवी घालणाऱ्याला त्यांनीं परखडपणें बजाविलें. शुद्ध करणारा कोण आणि भर घालणारा कोण, हा भेद आपल्याकडे इतका जुना आहे. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर मात्र 'रीमिक्स' हा शब्द भिंगानें शोधावा लागतो.

आतां तबकडीच्या उपासकांविषयीं. त्यांचें म्हणणें असें कीं, डिजिटल संस्कार कोठेंहि झाला तरी कानाला तो तत्काळ बोंचतो. शुद्ध फितीवरून कापलेली तबकडी तेवढी खरी. सन २०२२ मध्यें या श्रद्धेची सत्त्वपरीक्षा झाली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या तबकड्या या मंडळींत पूज्य होत्या. त्यांतील पुष्कळ तबकड्या कापतांना मध्यें एक डिजिटल पायरी वापरली जात असे, आणि ती कित्येक वर्षें वापरली जात होती, हें त्या वर्षीं उघडकीस आलें. लोक संतापले, प्रकरण न्यायालयांत गेलें. आणि ग्राहकापासून ही गोष्ट दडविली गेली याचा संताप योग्यच होता. पण इतकीं वर्षें ज्यांनीं त्या तबकड्यांच्या 'अडिजिटल' माधुर्याचीं वर्णनें लिहिलीं, त्यांच्या कानांचें काय? आमच्या मतें त्या तबकड्या चांगल्याच होत्या, आणि त्या चांगल्या असण्याचें कारण काम जपून केलेलें होतें, हें. साधन कोणतें यापेक्षां हात कोणाचा, हें अधिक महत्त्वाचें.

कांहीं जण कानावर विसंबण्याऐवजीं आंकड्यांवर विसंबतात. ध्वनीचीं शिखरें व सरासरी यांतील अंतर मोजून प्रत्येक प्रतीला गुण देणारे तक्ते उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग आहे. चार गुणांची प्रत आणि बारा गुणांची प्रत यांत निवड करावयाची तर ऐकण्यापूर्वींच बरेंच कांहीं कळतें. पण दहा आणि अकरा यांवरून भांडणाऱ्यांची आम्हांस कींव येते. शिवाय तबकडीवरून मोजलेला आंकडा स्वभावतःच फुगतो. एकाच डिजिटल प्रतीवरून सीडी काढली व तबकडी कापली, तरी तबकडीला गुण अधिक पडतात. मापन हें संशय घेण्यास पुरेसें आहे, निकाल देण्यास नाहीं.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण असें आहे कीं, पूर्वीं नवी प्रत आली तरी जुनी कपाटांत राहत असे. आज बहुतेक घरांत संगीत येतें तें स्ट्रीमिंगच्या वाटेनें, आणि तेथें नवी प्रत येतांच पुष्कळदां जुनी निमूटपणें काढून घेतली जाते. कालपर्यंत ऐकलेलें गीत त्याच नांवानें, त्याच चित्रासह, पण निराळ्या ध्वनीनें वाजूं लागतें. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताहि नसतो. पंधरा वर्षांच्या मुलाला झेपेलिन किंवा बीटल्स म्हणजे काय हें त्या एकाच प्रतीवरून ठरवावें लागतें. विशेष खेदाची गोष्ट ही कीं, ज्या कारणासाठीं हा सारा आवळण्याचा खटाटोप झाला तें कारणच आतां उरलेलें नाहीं. ध्वनीचा मोठेपणा कानाच्या रीतीनें मोजण्याचें प्रमाण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनें सन २००६ मध्यें ठरवून दिलें, आणि त्या धर्तीवर प्रमुख स्ट्रीमिंग-सेवा सर्व गीतें साधारण एकाच पातळीवर आणून वाजवितात. तेथें आवळलेली प्रत मोठी वाजत नाहीं. ती फक्त सपाट वाजते. छाटलेलीं शिखरें मात्र परत येत नाहींत. मूळ फितींकडे पुनः जावें म्हटलें तर त्याहि अजरामर नाहींत; सन १९७० नंतरच्या कित्येक फितींचा लेप हवेंतील दमटपणा पिऊन चिकट होतो, आणि भट्टींत तासन् तास मंद ऊब दिल्यावांचून त्या यंत्रावर चढत नाहींत. ज्यांचे हात अशा फितींना लागतात त्यांनीं प्रत्येक वेळीं हा शेवटचाच हात आहे असें समजून काम करावें, अशी अपेक्षा करणें गैर होणार नाहीं.

प्रकाशकांकडून आमचें मागणें फार नाहीं. वेष्टनावर तीन गोष्टी स्पष्ट छापाव्या: फीत कोणती घेतली, काम कोणी व केव्हां केलें, आणि तें मास्टर आहे कीं मिश्रण. चौथें एक करतां आलें तर तेंहि करावें, आणि तें अशक्य नाहीं याचा दाखला २००९ च्याच बीटल्स-प्रकाशनांत आहे. 'हेल्प' व 'रबर सोल' या दोन ध्वनिमुद्रिकांचें स्टीरिओ मिश्रण जॉर्ज मार्टिन यानें सन १९८६ मध्यें नव्यानें केलें होतें, आणि स्टीरिओ संचांत तेंच दिलें आहे. मोनो संचांतील त्या दोन सीडींवर मात्र मोनोच्या पाठोपाठ सन १९६५ चें जुनें स्टीरिओ मिश्रणहि घातलें आहे. ज्याच्याजवळ दोन्ही संच असतील त्यानें आवाज सारखा करून एकदां हीं तिन्ही रूपें ओळीनें ऐकावींत.